मारुत ते तेजस : विमानं बनवली, पण बनवणारी माणसं का टिकवली नाहीत?

दाबोळीकर
गेल्या आठवड्यात इथल्याच एका चर्चेत कुणीतरी लिहिलं की स्वातंत्र्याला इतकी वर्षं झाली तरी आपल्याला स्वतःचं लढाऊ विमान धड बनवता आलेलं नाही, आणि त्याला भराभर प्लस वन पडले. वाचून राहवलं नाही म्हणून हा वेगळा धागा काढतोय, कारण आपण बनवलं होतं. एचएफ-२४ मारुत. बंगळूरला १७ जून १९६१ रोजी पहिल्यांदा उडालं, म्हणजे गोवा मुक्त व्हायच्या सहा महिने आधी. सुरंजन दास हे टेस्ट पायलट. डिझाइन कुर्ट टांक यांचं, ज्यांनी जर्मनीचं फॉक-वुल्फ १९० बनवलं तेच. युद्धानंतर हे गृहस्थ अर्जेंटिनाला गेले, तिथे कोर्दोबाला पुल्की-२ नावाचं जेट बनवलं, ते १९५० मध्ये उडालं, मग १९५५ मध्ये पेरॉन यांची सत्ता गेली, तिथली टीम फुटली आणि टांक १९५६ मध्ये आपल्याकडे आले. अर्जेंटिनाचं नुकसान तो आपला फायदा.

आणि टांक यांच्याही आधी आपल्याकडे वि. मा. घाटगे होते. कोल्हापूरकडचा माणूस, जर्मनीत गटिंगनला प्रांटल यांच्याकडे शिकला, एरोडायनॅमिक्समध्ये प्रांटल म्हणजे शेवटचा शब्द. घाटगेंनी डिझाइन केलेलं एचटी-२ हे ट्रेनर विमान १९५१ मध्येच उडालं होतं. म्हणजे सुरुवात शून्यातून नव्हती.

मारुतची एकूण १४७ विमानं बनली, १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर लढली. कमी पडलं ते इंजिन. विमान बेतलं होतं ब्रिस्टलच्या ऑर्फियस १२ साठी, ते इंजिन पुरं करायला ब्रिटनने पैसे घातले नाहीत, आपणही घातले नाहीत, मग नॅट या छोट्या लढाऊ विमानाच्या ऑर्फियसवरच भागवलं आणि आवाजाच्या वेगापलीकडे जायचं विमान अलीकडेच राहिलं. दास १९७० मध्ये मारुतच्याच जास्त ताकदीच्या आवृत्तीची चाचणी घेताना गेले.

पण इंजिनापेक्षाही मला जास्त लागतं ते पुढचं. मारुतनंतर त्या टीमला पुढचं लढाऊ विमान दिलंच नाही. नाशिकला ओझरला मिग-२१ बनत होती, पुढे बंगळूरला जॅग्वार आली, म्हणजे हाताला काम होतं, पण ते दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर. एलसीएला, म्हणजे पुढच्या तेजसला, मंजुरी १९८३, त्यासाठी एडीए ही सरकारी संस्था स्थापन झाली १९८४, तोवर मारुतवाले बहुतेक रिटायर. तेजसचं पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१. पहिलं लढाऊ विमान आणि दुसरं लढाऊ विमान यांत जवळजवळ ४० वर्षं.

गावच्या देवळात दर जत्रेला नाटक बसतं म्हणून पेटीवाला, पडदेवाला, प्रॉम्प्टर सगळे तयार असतात, दहा वर्षं नाटकच केलं नाही तर अकराव्या वर्षी संहिता असूनही नाटक उभं राहत नाही. विमानाचं तसंच आहे. माझं म्हणणं एवढंच की देशाचा विमान उद्योग एका विमानाने उभा राहत नाही, एक विमान संपायच्या आत दुसरं सुरू झालं तर राहतो. तुमचं काय मत?

---

मांडवीकाठ
धागा आवडला, पण दुसरी बाजू मांडतो. सगळ्यांनी सगळं बनवायलाच पाहिजे का? कॅनडाने अ‍ॅव्हरो अ‍ॅरो बनवलं, फार सुंदर विमान, २० फेब्रुवारी १९५९ ला सरकारने एका दिवसात बंद केलं, हजारो लोकांची नोकरी गेली. कॅनडा बुडाला नाही. जपान तर सगळ्या तंत्रज्ञानात पुढे, तरी मित्सुबिशीचं स्पेसजेट २०१५ मध्ये उडालं आणि २०२३ मध्ये गुंडाळलं. ज्यांच्याकडे पैसा, शिस्त, पोलाद सगळं आहे त्यांनाही झेपत नसेल तर आपण तोच पैसा शाळा-दवाखान्यांत का घालू नये? हे मी मनापासून विचारतोय. आमच्या गावचं प्राथमिक आरोग्य केंद्र बघितलं की मला हा प्रश्न पडतोच.

---

दाबोळीकर
@मांडवीकाठ, प्रश्न रास्त आहे, उडवून लावणार नाही. पण तुमचीच उदाहरणं पुढे नेऊन बघा. अ‍ॅरो बंद झालं त्यावर्षीच त्यातले चांगले चांगले इंजिनियर नासाने उचलले, मर्क्युरी, जेमिनी, अपोलोत ते लोक होते. कॅनडा बुडाला नाही हे बरोबर, पण स्वतःचं लढाऊ विमान त्याने परत कधी बनवलं नाही. आणि जपानचं वायएस-११ बघा, १९६२ मध्ये उडालं, १८२ विमानं बनली, चांगलं उडणारं प्रवासी विमान, ते संपल्यावर स्वतःचं पुढचं प्रवासी विमान उडायला चाळीसेक वर्षं. तोवर सर्टिफिकेशन कसं करून घ्यायचं हे माहीत असलेले लोकच उरले नव्हते, आणि स्पेसजेट अडकलं ते बरंचसं तिथेच. उडत होतं की ते. मला तर हे माझ्याच मुद्द्याचे पुरावे वाटतात.

---

फोंड्याची मुग्धा
दाबोळीकरदादा, मुद्दा पटला, पण फक्त बंद पडलेल्यांची यादी करून चालणार नाही, चाललेल्याचंही बघू. आपल्या गोवेकरांनी ब्राझीलकडे बघायला हवं, आमच्या आजोबांच्या पिढीला ती पोर्तुगीज भाषा तरी येत होती.

ब्राझीलने आधी विमान नाही बनवलं, आधी कॉलेज काढलं. आयटीए, साओ जोझे दोस काम्पोस गावात, १९५० मध्ये. कासिमिरो मोंतेनेग्रो नावाचे हवाई दलातले अधिकारी त्यामागे होते, त्यांनी अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक आणून अभ्यासक्रम बसवला. मग त्याच आवारातल्या संशोधन संस्थेत बांदेइरांते नावाचं छोटं दोन पंख्यांचं विमान बनलं, ते उडालं २२ ऑक्टोबर १९६८, आणि एम्ब्रेअर कंपनी स्थापन झाली त्यानंतर, १९ ऑगस्ट १९६९. क्रम बघा. शिक्षण, मग प्रयोगशाळा, मग विमान, मग कंपनी. अठरा-एकोणीस वर्षं गेली, पण प्रत्येक पायरीवर आधीच्या पायरीवरचीच माणसं होती. ओझिरेस सिल्वा, कंपनीचे पहिले प्रमुख, ते स्वतः आयटीएतूनच शिकलेले.

आणि टीम रिकामी बसू दिली नाही. इटलीचं जेट ट्रेनर लायसन्सवर बनवलं, शेतावर फवारणी करायचं इपानेमा बनवलं (ते पुढे उसाच्या अल्कोहोलवर उडवलं, २००४ मध्ये त्याला तसं सर्टिफिकेटही मिळालं), मग इटलीबरोबर एएमएक्स हे लढाऊ विमान. १९९० च्या आसपास कंपनी डबघाईला आली होती, १९९४ मध्ये खाजगी केली, पण ईआरजे-१४५ या प्रवासी जेटचं काम थांबू दिलं नाही आणि त्याच विमानाने कंपनी वर काढली. आज पोर्तुगालच्या हवाई दलाने ब्राझीलचं केसी-३९० हे मालवाहू विमान घेतलंय. वसाहतीने बनवलेलं विमान पूर्वीचा मालक विकत घेतो, मला हे वाचून आतून बरं वाटलं, खोटं का बोलू.

---

मांडवीकाठ
मुग्धाताई, माहिती सुंदर. पण एम्ब्रेअरची इंजिनं कुठली? बांदेइरांतेला कॅनडाचं पीटी-६, पुढच्यांनाही बाहेरचीच. मग आपण स्वतःच्या इंजिनासाठी कावेरी कावेरी करत इतकी वर्षं का घालवली? बाहेरून घ्यायचं आणि पुढे जायचं. चीननेही सी-९१९ ला सीएफएमचंच इंजिन लावलंय ना.

---

फोंड्याची मुग्धा
हो, आणि नागरी विमानापुरतं ते अगदी बरोबर आहे. प्रवासी विमानाला इंजिन विकायला सगळे तयार असतात. लढाऊ विमानाचं तसं नसतं, इंजिन देणारा तुमच्या मानगुटीवर बसून राहतो. इस्रायलला कफीर विमान इक्वेडोरला विकायचं होतं, १९७७ मध्ये अमेरिकेने नाही म्हटलं, का तर आतलं इंजिन अमेरिकेचं. विमान इस्रायलचं, गिऱ्हाईक इस्रायलने शोधलेलं, आणि निर्णय वॉशिंग्टनला.

आपल्याकडे १९९८ ला पोखरणनंतर काय झालं ते आठवा. ध्रुव हेलिकॉप्टरसाठी अमेरिकन इंजिन ठरलं होतं, निर्बंध आले, ते गेलं. तेजसच्या फ्लाय-बाय-वायरवर, म्हणजे कॉम्प्युटरवाटे विमान चालवण्याच्या यंत्रणेवर, आपले इंजिनियर अमेरिकेत लॉकहीड मार्टिनबरोबर काम करत होते, त्यांना परत पाठवलं, सामान तिथेच अडकलं. मग बंगळूरला बसून सगळं पुन्हा लिहून काढलं. तेजस हे मुळातच अस्थिर ठेवलेलं विमान आहे, कॉम्प्युटर दर क्षणी सावरत नसेल तर पायलटला ते उडवताच येणार नाही, त्यामुळे त्या सावरण्याचे नियम, ही कंट्रोल लॉ, म्हणजे विमानाचा जीव. आपल्याच लोकांनी ती लिहिली आणि २००१ पासून चाचण्या सुरू झाल्या त्या २०२४ पर्यंत एकही तेजस पडलं नाही. वीसेक वर्षं. हे यश लोकांना माहीतच नाही, सगळ्यांना फक्त उशीर माहीत.

---

सत्तरीकार
ध्रुवच्या इंजिनाचा विषय निघाला म्हणून लिहितोय, आमच्या सत्तरीशी त्याचा संबंध आहे. अमेरिकन इंजिन गेल्यावर फ्रान्सच्या टर्बोमेकाशी जमवलं, आधी त्यांचं टीएम-३३३, मग दोघांनी मिळून शक्ती. तेच शक्ती इंजिन आज ध्रुव, रुद्र आणि प्रचंड या हेलिकॉप्टरांमध्ये आहे. टर्बोमेका आता साफ्रानमध्ये गेली, आणि एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) व साफ्रान यांनी मिळून या इंजिनांच्या दुरुस्ती-देखभालीचा कारखाना गोव्यात, आमच्या सत्तरी तालुक्यात घातला. त्याची सुरुवात पर्रीकर भाई संरक्षणमंत्री असतानाची. पोखरणचा स्फोट राजस्थानात, निर्बंध अमेरिकेचे, इंजिन फ्रान्सचं आणि दुरुस्ती सत्तरीत. कुठली गोष्ट कुठे येऊन पोचते बघा.

---

निवृत्त आर्टिफिसर
वाचतोय सगळं, छान चाललंय. नेव्हीत विमानांवर काम केलं, आता वास्कोतच असतो. तुम्ही मंडळी बंगळूर, ब्राझील, फ्रान्स फिरून आलात पण आपल्या दाबोळीच्या कुंपणाआत काय आहे ते कुणी लिहिलंच नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आयएनएस हंसा या नेव्हीच्या हवाई तळावर एसबीटीएफ आहे, म्हणजे जमिनीवर उभारलेला विमानवाहू जहाजाचा डेक. एका बाजूला १४ अंशाचा स्की-जंप, म्हणजे टोकाला वर वळलेला उतार, दुसऱ्या बाजूला आडव्या पोलादी तारा आणि विमान थांबवणारं त्यांचं अरेस्टिंग गिअर. असली सोय जगात फार थोड्या देशांकडे आहे. सोव्हिएत काळात क्रिमियात साकीला होती, आणि तिथूनच त्यांचे कॅरिअर पायलट तयार झाले. विमानवाहू जहाजावर चाचणी करायची म्हणजे जहाज समुद्रात न्या, एस्कॉर्ट द्या, हवामान बघा, एवढं करून दिवसाला मोजकीच उड्डाणं पदरात पडतात. जमिनीवर तोच डेक असला की तीच चाचणी परत परत करता येते, चूक सापडली की संध्याकाळी हॅंगरमध्ये उघडून बघता येते.

नेव्हल तेजस इथेच घडलं म्हटलं तरी चालेल. २० डिसेंबर २०१४ ला त्याचं पहिलं नमुना विमान एनपी-१ इथल्या स्की-जंपवरून उडालं, कमोडोर जयदीप मावळणकर पायलट. १३ सप्टेंबर २०१९ ला इथेच पहिल्यांदा हुकने तार पकडून उतरलं, पायलट तेच. मग ११ जानेवारी २०२० ला विक्रमादित्य या विमानवाहू जहाजावर, आणि ६ फेब्रुवारी २०२३ ला नव्या विक्रांतवर. स्वतः डिझाइन केलेलं विमान, स्वतः बांधलेल्या जहाजावर. त्या दिवशी आमच्या जुन्या लोकांच्या ग्रुपवर जे फोन आणि मेसेज चालले होते ते सांगायला नको.

कॅरिअरवर उतरणं म्हणजे काय ते थोडं सांगतो, कारण बाहेरून ते सोपं दिसतं. हवाई दलाचं विमान लांब रनवेवर अलगद टेकतं. नेव्हीचं विमान अलगद टेकवतच नाहीत, ठरलेल्या उतारावरून सरळ आणून आपटतात, खाली यायचा वेग सेकंदाला साधारण ७ मीटर धरून लॅंडिंग गिअर बनवावं लागतं. नाहीतर हुक तारेत बसायची जागा चुकते. आणि चाकं टेकली की पायलट पॉवर कमी करत नाही, उलट पूर्ण देतो, कारण तार चुकली तर पुढे डेक संपायच्या आत परत हवेत जायला पाहिजे. हा सगळा धक्का झेलायला पाय जाड, सांगाडा मजबूत, म्हणजे वजन वाढलं, आणि वजन वाढलं की इंजिन कमी पडलं. नेव्हीने २०१६ च्या अखेरीस सांगितलं की हे विमान आम्हाला ताफ्यात घेता येणार नाही, जड आहे.

इथे सगळं संपलं असतं. मारुतच्या वेळी असंच संपलं होतं, दाबोळीकर म्हणतो ते खरं आहे. पण यावेळी चाचण्या थांबवल्या नाहीत. वर दिलेल्या तारखा परत बघा, २०१९, २०२०, २०२३, या सगळ्या नेव्हीच्या नकारानंतरच्या आहेत. हाताला लागलेलं ज्ञान आता दोन इंजिनांच्या नव्या डेक-फायटरच्या, टीईडीबीएफच्या डिझाइनला कामी येतंय. शिवाय २०२२ मध्ये राफेल-एम आणि अमेरिकेचं सुपर हॉर्नेट दोघांनाही आपल्या स्की-जंपवरून उडून दाखवावं लागलं, ते इथेच, दाबोळीत. पुढे एप्रिल २०२५ मध्ये २६ राफेल-एमचा करार झाला. विकत घ्यायचं असेल तरी पारखायला स्वतःची जागा आणि स्वतःची माणसं लागतात. मांडवीकाठ बाब, तुमच्या खरेदी-विरुद्ध-बनवणे या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे.

---

मांडवीकाठ
काका, हे काहीच माहीत नव्हतं. दाबोळीला सकाळच्या वेळात नागरी विमानं का उतरत नाहीत यावर आम्ही वर्षानुवर्षं करवादत आलो. सरावाचे तास असतात एवढंच ऐकून होतो.

---

चोर्ला घाट
मी बेळगावकडचा, पण बायको डिचोलीची म्हणून इथे असतो. 😊 हत्तरगीला एरोस्पेसचं सेझ आहे त्या भागात सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर) काम करतो, कंपनीचं नाव राहू दे. तुम्ही सगळे विमान आणि इंजिन बोलताय, मी ब्रॅकेटबद्दल बोलतो. 

एक साधा ब्रॅकेट असतो, तळहाताएवढा. ड्रॉइंग हातात आलं म्हणजे लगेच मशीनवर चढवला असं नसतं. आधी मटेरियलचं सर्टिफिकेट, ते अ‍ॅल्युमिनियम कुठल्या भट्टीचं, कुठल्या लॉटचं, मग प्रोसेस शीट, मग पहिला पीस बनवून त्याचं एकेक माप ड्रॉइंगवरच्या नंबरप्रमाणे कागदावर, गिऱ्हाइकाने तो पहिला पीस मंजूर केला की मग पुढचे. त्यानंतर काय वाट्टेल ते झालं तरी पद्धत बदलायची नाही. टूल बदललं, मशीनची जागा बदलली, तरी कळवायचं. नंतर हीट ट्रीटमेंट, अ‍ॅनोडायझिंग, त्यांना वेगळी मान्यता लागते, ती नसेल तर तुमचा जॉब कितीही चांगला असू दे कुणी हात लावत नाही. टायटॅनियम असेल तर आणखी कटकट, उष्णता जॉबमधून बाहेर जातच नाही, सगळी टूलच्या टोकावर साठते, टोक जळतं, हळू चालवावं लागतं.

माझ्याकडे आलेली नवीन पोरं हुशार असतात पण हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. फेकून द्यायचा जॉब लपवायचा नाही, लाल टॅग लावायचा, ही गोष्ट नुसती सांगून शिकता येत नाही. आणि तयार झाली की ऑर्डर कमी होते, पोरं गाड्यांच्या पार्टच्या शॉपमध्ये जातात, परत ऑर्डर येते तेव्हा परत नवीन पोरं. दाबोळीकरांनी वर मोठ्या शास्त्रज्ञांबद्दल जे लिहिलंय ते आमच्या शॉप फ्लोअरवर दर दोन-तीन वर्षांनी होतं. २०२० मध्ये कोविडला विमानं बंद झाली तेव्हा तर काय बोलू नका.

८३ तेजसची ऑर्डर फेब्रुवारी २०२१ मध्ये झाली, आणखी ९७ ची सप्टेंबर २०२५ मध्ये. लोकांना त्यात हजारो कोटी दिसतात. मला त्यात पुढच्या काही वर्षांचं काम दिसतं, म्हणजे माणूस टिकवता येईल. वीस-वीस विमानांच्या तुकड्यातुकड्यांच्या ऑर्डरीवर कुठला छोटा शॉपवाला पाच अ‍ॅक्सिसचं मशीन घेणार आणि बॅंकेचा हप्ता कशातून भरणार?

---

फोंड्याची मुग्धा
@चोर्ला घाट, दादा हे तुमचं सगळ्यात महत्त्वाचं. एम्ब्रेअर काय, एअरबस काय, शेवटी असल्या हजार शॉपवर उभ्या असतात. आपल्या गोव्यातही पिळर्णला कंपोझिटचे विमानाचे आणि अवकाशयानाचे भाग बनतात, तिथल्या शिस्तीबद्दल मैत्रिणीकडून ऐकलंय. कार्बन फायबरची शीट फ्रीजरमध्ये ठेवायची, बाहेर काढल्यापासून तास मोजायचे, ठरलेल्या तासांत वापरली नाही तर रद्द. थर कुठल्या कोनात ठेवायचा ते ठरलेलं, मग ऑटोक्लेव्हमध्ये दाब आणि उष्णता देऊन पक्कं करायचं. तेजसचा बाहेरचा बहुतेक पृष्ठभाग असाच बनलेला आहे. वजनाने बघितलं तर ४५ टक्के कंपोझिट. हे थर कसे बसवायचे याचं एडीएने लिहिलेलं ऑटोले नावाचं सॉफ्टवेअर परदेशातही गेलंय.

---

सत्तरीकार
कावेरीवर कुणीतरी नीट लिहा ना. नुसतं फसलं फसलं ऐकतो.

---

फोंड्याची मुग्धा
लिहिते. कावेरी हे तेजससाठीचं इंजिन, बंगळूरच्या जीटीआरई या सरकारी इंजिन संस्थेला १९८९ मध्ये मंजुरी, तेव्हा ३८२ कोटींच्या आसपास. आफ्टरबर्नरसह (मागे जास्तीचं इंधन जाळून जोर वाढवणारा भाग) ८१ किलोन्यूटन जोराचं उद्दिष्ट होतं, तिथवर पोचलं नाही आणि वजनही ठरल्यापेक्षा जास्त भरलं. २००८ मध्ये तेजसपासून वेगळं केलं, तेजसला जीईचं एफ-४०४. पण २०१० मध्ये हेच कावेरी रशियात आयएल-७६ विमानाला लावून हवेत चालवून बघितलं, ते चाललं. आता आफ्टरबर्नर नसलेली आवृत्ती मानवरहित विमानासाठी पुढे नेतायत. तर फसलं हा शब्द अर्धाच खरा.

अडचण मुख्यतः गरम भागात. टर्बाइनमध्ये शिरणारा वायू इतका तापलेला असतो की ज्या मिश्रधातूचं पातं आहे तो त्या तापमानाला वितळेल. पातं वितळत नाही कारण आतून बारीक वाटा काढून त्यातून हवा खेळवतात, ती पृष्ठभागावरच्या भोकांतून बाहेर येऊन पात्यावर थंड हवेचा पडदा धरते, आणि वरून सिरॅमिकचा लेप. त्यात परत ते पातं मिनिटाला हजारो फेऱ्या मारत बाहेरच्या बाजूला खेचलं जात असतं. साध्या ओतीव धातूत कण असतात, कणांच्या कडेने तो हळूहळू ताणतो. म्हणून अख्खं पातं एकाच स्फटिकाचं ओततात, भट्टीतून मिलिमीटर मिलिमीटरने खाली काढत. हे जमणारे देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण खात्याच्या धातू प्रयोगशाळेला ते जमलंय, २०२१ मध्ये त्यांनी हेलिकॉप्टर इंजिनासाठी अशी ६० पाती एचएएलला दिली.

आणि आपली दुसरी मोठी उणीव म्हणजे चाचणीची जागा. इंजिन हवेत नेऊन तपासायला स्वतःचं विमान नव्हतं म्हणून रशियाला जावं लागलं. काकांनी एसबीटीएफबद्दल लिहिलं ते वाचताना हेच डोक्यात येत होतं. नेव्हीने डेक जमिनीवर बांधला तशी उडती चाचणीची सोय इंजिनवाल्यांना तीस वर्षांपूर्वी दिली असती तर?

---

दाबोळीकर
मुग्धा, अगदी. पर्रीकर भाई आयआयटी मुंबईचे, आणि शिकले काय तर धातुशास्त्र. संरक्षणमंत्री असताना तेजसच्या मागे ते ज्या चिकाटीने लागले त्यात मला तो धातूवाला दिसतो. १ जुलै २०१६ ला पहिलं स्क्वाड्रन उभं राहिलं ते त्यांच्याच काळात, आणि ८३ तेजस १ए ला (तेजसची सुधारित आवृत्ती) संरक्षण खरेदी परिषदेची मान्यताही त्यांच्याच काळात, नोव्हेंबर २०१६. आणखी थोडी वर्षं मिळायला हवी होती त्यांना. 

इंडोनेशियाचं राहिलं. हबीबी स्वतः जर्मनीत शिकलेले विमान इंजिनियर, देशात परत येऊन १९७६ मध्ये कंपनी उभी केली, स्पेनच्या कासा कंपनीबरोबर सीएन-२३५ विमान केलं, मग स्वतःचं एन-२५०, फ्लाय-बाय-वायर असलेलं टर्बोप्रॉप, १० ऑगस्ट १९९५ ला उडालं. दोन वर्षांनी आशियाई आर्थिक संकट, आयएमएफच्या अटी, सरकारी पैसा बंद, विमान संपलं. लोक पांगले. आज मोपा विमानतळावरून फ्लाय-९१ ची जी छोटी एटीआर विमानं उडतात ना, त्या आकाराच्या बाजारासाठीच ते विमान होतं. एटीआर फ्रान्स आणि इटलीने १९८१ पासून मिळून चालू ठेवली, मधे तोटा झाला तरी सोडली नाही, आणि आज तो बाजार जवळजवळ त्यांच्याच हातात. माझा सगळा राग त्या तोडण्यावर आहे, मांडवीकाठ. पैसा कमी होता म्हणून वेग कमी करा, समजू शकतो, पण टीम मोडू नका, ती परत जमवायला एक पिढी जाते.

---

मांडवीकाठ
आरोग्य केंद्राबद्दलचं माझं म्हणणं मी मागे घेत नाही, ते पाहिजेच. पण विमानाचा पैसा वाया जातो असं जे मनात होतं त्यात फरक पडला. काकांचा एसबीटीएफचा प्रतिसाद आणि चोर्ला घाट यांचा ब्रॅकेट, या दोन्हींमुळे. एक शंका राहते, सरकारी कंपनीला एकटीलाच सगळं काम दिलं तर उशीर होणारच ना?

---

चोर्ला घाट
होणार. म्हणून नाशिकला तिसरी लाइन काढली तेजसची, १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथलं पहिलं १ए उडालं. पंखाचे, सांगाड्याचे मोठे भाग आता खाजगी कंपन्यांकडून येतात. पण नुसती लाइन वाढवून काय, एफ-४०४ इंजिनंच वेळेत येत नव्हती, ९९ ची ऑर्डर २०२१ ची आणि पहिलं इंजिन हातात आलं मार्च २०२५ ला. परत मुग्धाताईंच्याच मुद्द्यावर येतो आपण. वडोदऱ्याचं सी-२९५ बघण्यासारखं आहे, ५६ पैकी ४० विमानं टाटा तिथे बनवणार, त्यातून छोट्या शॉपना किती काम झिरपतं ते मी डोळे लावून बघतोय.

---

सत्तरीकार
सगळ्यांना एक विचारायचंय. माझी मुलगी यंदा बारावीला आहे, सायन्स, गणित चांगलं. हे सगळं तिला वाचून दाखवलं तर म्हणते मला विमानांवरच काम करायचंय, पण डिझाइन नाही, हाताने. घरात सगळे म्हणतात मुलीला कशाला हॅंगरमध्ये पाठवता. कुठून सुरुवात करावी?

---

निवृत्त आर्टिफिसर
घरच्यांना माझा निरोप सांगा की जरूर पाठवा. हॅंगरमध्ये टॉर्क रेंच कुणाच्या हातात आहे ते विमानाला कळत नाही, नीट फिरवला की नाही एवढंच कळतं.

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स असलं की एएमई म्हणजे विमान देखभालीच्या लायसन्सकडे जाता येतं. डीजीसीए या सरकारी विमान नियंत्रण खात्याने मान्यता दिलेल्या संस्थेतच प्रवेश घ्या, मान्यता चालू आहे का ते डीजीसीएच्या साइटवरच तपासा, संस्थेच्या जाहिरातीवर जाऊ नका. जेट आणि टर्बोप्रॉपच्या यांत्रिक बाजूला बी-१.१, इलेक्ट्रॉनिक्स बाजूला बी-२. पेपर मॉड्युलप्रमाणे द्यायचे असतात आणि नुसते पेपर पास होऊन लायसन्स मिळत नाही, प्रत्यक्ष कामाचा अनुभव लॉगबुकात भरावा लागतो, तो कुठे मिळणार हे फी भरायच्या आधी विचारा, बहुतेकांची फसगत तिथेच होते. 

आणि त्याआधी एका रविवारी तिला घेऊन बोगमाळ्याच्या वाटेवरच्या नेव्हल एव्हिएशन म्युझियममध्ये या. सी हॅरिअर, अलिझे, सी हॉक, सुपर कॉन्स्टेलेशन सगळी उभी आहेत. मला व्यक्तिगत निरोप टाका, मी येतो, अलिझेच्या पंखाची घडी कशी पडते ते तिला जवळून दाखवतो.

---

सत्तरीकार
काका, निरोप टाकलाय. येत्या रविवारी सकाळी चालेल का? फोंड्याहून भाचीही येते म्हणते, तिला पण आणतो.

---

निवृत्त आर्टिफिसर
दहाला गेटवर. सोमवारी म्युझियम बंद असतं, रविवारी गर्दी असते, जरा आधीच या.

---

फोंड्याची मुग्धा
मी पण येतेय. आणि दाबोळीकरदादा, इंजिनाचा वेगळा धागा काढा, जीईच्या एफ-४१४ इंजिनाच्या तंत्रज्ञान हस्तांतरणावर बरंच लिहायचंय, इथे ते हरवून जाईल.

---

दाबोळीकर
काढतो आज रात्री. कावेरीपासून सुरू करतो, चोर्ला घाट, तुम्ही टायटॅनियमवर लिहायचं कबूल करा.